लकव्यानंतर पुनर्वसनासाठी भरती होताना घरच्यांनी करायची तयारी

अंगावरून वारं गेल्यानंतरचा जिवाचा धोका टळला आणि कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून किंवा खासगी दवाखान्यातून थेट पुनर्वसन केंद्रात जायचं ठरलं, की पिशवी भरण्याआधी पेशंटपाशी राहणारी माणसं ठरवा. व्यायाम आणि बोलण्याचा सराव धरून चांगल्या केंद्रातही दिवसाचे ३ तासच जातात. उरलेले २१ तास त्याला कसं वळवलं, बसवलं, उठवलं यावर कायमचं अपंगत्व किती राहणार हे बरंचसं अवलंबून असतं. सोबतीला रोज नवा पाहुणा आला तर थेरपिस्टने शिकवलेलं कुणाच्याच हातात बसत नाही. पुढे घरी जे सांभाळणार आहेत, तेच दोघं आलटून पालटून राहू देत. आणि तारीख लांबवू नका, सुधारणेचा वेग पहिल्या ३ महिन्यांत सर्वांत जास्त असतो.

कागदांत डिस्चार्ज कार्ड, सीटी किंवा एमआरआयच्या फिल्म आणि चालू गोळ्यांची वेळेसह यादी घ्या. मेंदूत गुठळी अडकली होती की रक्तस्राव झाला होता, हे विचारून ठळक लिहून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही हे त्यावर ठरतं. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र विसरू नका. त्यांच्याविना तपासलं तर समज आणि बोलणं आहे त्याहून वाईट दिसतं.

कपडे पुढून उघडणारे, ढगळ. पायजमा इलॅस्टिकचा, बायकांना बटणांचा गाऊन. घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. कोल्हापुरी चप्पल मात्र घरीच राहू द्या. तिला टाचेला पट्टा नसतो, लुळं पाऊल ती धरून ठेवू शकत नाही आणि गुळगुळीत फरशीवर चामड्याचा तळ घसरतो. वेलक्रोचे बंद बूट एक नंबर मोठे घ्या, म्हणजे पायाचं स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा कडक आधार) आत मावेल. मुठीत दाबायला रबरी चेंडू मनाने देऊ नका. बोटं आधीच आत वळायला बघतात, उघडण्याची ताकद यायला हवी असते.

गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीही नाही. तपासणीनंतरसुद्धा प्रेमाने घरून आणलेला पांढरा रस्सा, ताक, चहा थेरपिस्टला विचारूनच द्या. पातळ पदार्थ घशातून झटकन उतरतो, श्वासनलिका बंद व्हायला उशीर होतो आणि कधी ठसकाही न लागता तो फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. भरवताना ताठ बसवा, नंतर अर्धा तास आडवं करू नका.

सर्वांत जास्त नुकसान खांद्याचं होतं, आणि ते मदत करणाऱ्या हातांनीच होतं. खांदा धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात. लुळा हात ओढून किंवा काखेत हात घालून उचललं की हाड खाली सरकतं, दुखणं मागे लागतं आणि पेशंट व्यायामालाच नकार देतो. उठवताना कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरा, बसवल्यावर हाताखाली उशी द्या. झोपेत दर २ तासांनी कूस बदला. टाच आणि माकडहाड लाल दिसतंय का, रोज बघा.

पेशंट केंद्रात असतानाच घर मोजून घ्या. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात उंबरा आणि न्हाणीचं अरुंद दार हीच खरी अडचण. उंबऱ्याच्या दर इंचाला १ फूट उतार लागतो, म्हणजे ४ इंचाला ४ फुटांची फळी. दाराची रुंदी व्हीलचेअरशी ताडून बघा. पलंग इतकाच उंच हवा की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. न्हाणीतला दांडा चांगल्या हाताच्या बाजूला भिंतीत स्क्रूने पक्का करा. झोपण्याची खोली माडीवर असेल तर आत्ताच खाली आणा.

रडणं, गप्प राहणं, जेवण टाकणं दिसलं तर डॉक्टरांना सांगा. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि त्यावर औषध आहे. केंद्रातून सुट्टी मिळण्याच्या आठवडाभर आधी पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर नेणं सांभाळणाऱ्या दोघांनीही थेरपिस्टसमोर स्वतः करून दाखवा. जमलं नाही तर सुट्टी २ दिवस पुढे ढकलायला सांगा.