आधी तेल कुठून गळतंय ते बघा

म्हापशाच्या एका गॅरेजात मी कामाला लागलो तेव्हा आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स पदरात होता, आणि आपल्याला सगळं येतं असा समजही. एकट्याने करायला मिळालेलं पहिलं काम जुन्या मारुती ८०० चं. उभ्या गाडीचं स्टेअरिंग थरथरायचं, क्लच सोडला की पुढून धाडकन आवाज.

तीन सिलिंडरचं ते ७९६ सीसी इंजिन मुळातच थोडं थरथरतं, म्हणून नवा पोरगा फसतो. बॉनेट उघडून, हँडब्रेक ओढून, एकाला ब्रेकवर पाय ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडायला सांगायचं. मग रिव्हर्समध्ये तेच. फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्याच्यावर बसतं त्या माउंटिंगचं, रबर गेलेलं असेल तर इंजिन जागच्या जागी उसळतं. मी नेमका बंपरसमोर वाकून बघत होतो. मेस्त्री ओरडले, "मुखार उबो रावूं नाका!" (समोर उभा राहू नको!)

रबर फाटलेलंच होतं. सम्पखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीखाली, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला (थेट लावला तर पत्र्याचा सम्प चेपतो), इंजिनाचा भार उचलला, नवं फाउंडेशन बसवलं. दोन महिन्यांत गाडी परत दारात. नवंकोरं रबर बोटाने दाबलं तर लोण्यासारखं मऊ. वर टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग झिरपत होतं आणि तेल ओघळून थेट रबरावर येत होतं. मी ते पुसलं होतं, कुठून येतंय ते बघितलं नव्हतं. दुसऱ्या खेपेची मजुरी अर्थातच मिळाली नाही.

किनाऱ्याकडच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, बोल्ट असे धरतात की जोर केला तर डोकंच तुटतं. आदल्या संध्याकाळी वायर ब्रश मारून गंज सोडवणारं तेल सोडून ठेवा, उघड्या पान्याऐवजी गोटी पाना (सॉकेट) लावा, आणि आधी किंचित आवळून मग सैल करा. ब्रॅकेटची जागाच गंजून खाल्लेली असेल तर गिऱ्हाइकाला आधी वेल्डिंगचा खर्च सांगा. १५ वर्षं झालेली गाडी आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या आदल्या दिवशी घेऊन येणारे तर ठरलेलेच, त्यांच्या घाईत सापडू नका.

बसवताना सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, इंजिन आपल्या जागी बसू द्यायचं, मग आवळायचं. एकेक करून पक्कं केलं तर रबर पिळलेलं राहतं आणि थरथर तशीच.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. फाउंडेशन बदलताना इंजिनाची अर्थची पट्टी सोडली आणि परत लावायला विसरलो. इंजिन रबरावर बसलेलं, म्हणजे बॉडीशी त्याची वीज जोडणारी ती पट्टीच. चावी फिरवली, स्टार्टर कण्हला, आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर. स्टार्टरचा सगळा करंट वाट शोधत त्या बारीक केबलमधून गेला होता. केबल माझ्या पगारातून आली.

हल्ली पट्टी सोडली की तिचा बोल्ट मी चावीच्या कडीत अडकवून ठेवतो.