ड्रेस्डेन पद्धतीचं श्टोलन: नोव्हेंबरात भाजा, डिसेंबरात कापा

श्टोलन म्हणजे बेदाणे, साली, बदाम आणि भरपूर लोणी घातलेला जर्मन लोकांचा नाताळचा गोड पाव. नाताळच्या आठवड्यात तो करायला घेतला तर उशीर झालेला असतो. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात, म्हणजे ड्रेस्डेनच्या मुलखात, हे काम नोव्हेंबरच्या मध्यावरच उरकतात. मग दोन-तीन आठवडे ते गुंडाळून, मुरायला ठेवून द्यायचं आणि ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी कापायचं. एर्त्सगेबिर्ग या डोंगराळ भागातली जुनी माणसं तर २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत सुरी लावू देत नसत. भाजताना श्टोलन मोडलं तर येत्या वर्षी घरात कुणीतरी जाणार, अशीही तिथे समजूत होती. म्हणून भट्टीतून बाहेर काढताना सगळ्यांचा जीव मुठीत असे. पूर्वी बायका घरचं साहित्य घेऊन गल्लीतल्या बेकरकडे जात. आपलं श्टोलन दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून त्यात नावाची छोटी पत्र्याची पट्टी खोचत.

आजचं हे लोण्यात न्हालेलं रूप सहजासहजी मिळालेलं नाही. ॲडव्हेंट हा मध्ययुगात उपासाचा काळ, लोणी-दूध वर्ज्य. १४७४ साली ड्रेस्डेनच्या एका रुग्णालयाच्या हिशेबात श्टोलनची नोंद आहे, पण ते श्टोलन पीठ, यीस्ट आणि पाण्याचं, कोरडंच असणार. लोण्याची परवानगी मिळावी म्हणून सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी थेट रोमला विनंती केली. अखेर १४९१ मध्ये पोप इनोसंट आठवे यांनी ती दिली. ते पत्र ‘लोण्याचं पत्र’ म्हणूनच ओळखलं जातं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: लोण्यात काटकसर करू नका आणि मार्जरीन तर नकोच.

‘ड्रेस्डनर क्रिस्टश्टोलन’ या नावाला २०१० पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. ड्रेस्डेन आणि परिसरातल्या बेकऱ्यांनाच ते वापरता येतं. प्रमाण मात्र आपण खुशाल घ्यावं: १०० भाग मैद्याला निदान ५० भाग लोणी, ६५ भाग बेदाणे, २० भाग लिंबूवर्गीय फळांच्या पाकवलेल्या साली आणि १५ भाग बदाम.

साहित्य (दोन मध्यम श्टोलनसाठी)

मैदा ५०० ग्रॅम, बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅम, बेदाणे ३२५ ग्रॅम, पाकवलेल्या साली १०० ग्रॅम, सोललेले बदाम ७५ ग्रॅम, साखर ७५ ग्रॅम, कोमट दूध १२५ मिली, इन्स्टंट यीस्ट १४ ग्रॅम, रम ४ मोठे चमचे, एका लिंबाची किसलेली साल, अर्धा चमचा मीठ, थोडी वेलची आणि जायपत्री. वरून लावायला आणखी १०० ग्रॅम लोणी आणि भरपूर पिठीसाखर.

सालींच्या जागी टूटीफ्रूटी घालू नका. ती पपईची असते, तिच्यात लिंबूवर्गाचा कडवट सुगंध नाही. जर्मन लोक संत्र्याची साल आणि म्हाळुंगाची जाड साल वापरतात. होय, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच म्हाळुंग. ते मिळालं नाही तर जाड सालीची संत्री किंवा मोसंबी घ्या. साली तीनदा पाणी बदलून उकळा, मग समभाग साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि एक दिवस वाळवा.

१. आदल्या रात्री बेदाणे धुऊन, पुसून रममध्ये भिजत घाला. रम नको असेल तर संत्र्याचा रस चालेल, पण मग श्टोलन फार दिवस टिकणार नाही. बदाम जाडसर चिरून ठेवा.

२. आंबवण: १५० ग्रॅम मैदा, यीस्ट, दूध आणि चमचाभर साखर कालवून अर्धा तास झाकून ठेवा. वर बुडबुडे आले की पुढे जायचं.

३. मळणं: उरलेला मैदा, साखर, मीठ, मसाले, लिंबाची साल आणि मऊ लोणी घालून दहा-बारा मिनिटं मळा. आधी हाताला चिकटेल. वरून मैदा घालण्याचा मोह टाळा, लोणी जिरलं की गोळा आपोआप सुटतो. तासभर झाकून ठेवा. इतकं लोणी असलेलं पीठ पावासारखं दुप्पट फुगत नाही. थोडं फुललं, बोट दाबल्यावर मऊ लागलं की पुरे.

४. मेवा: निथळलेले बेदाणे, साली आणि बदाम शेवटी घाला आणि हलक्या हाताने दुमडत मिसळा. इथे जोर लावला तर बेदाणे फुटून पीठ करडं पडतं. आणखी अर्धा तास विश्रांती द्या.

५. आकार: दोन गोळे करून प्रत्येक गोळा हाताने लांबट थापा. मधोमध उभी लाटणी दाबून खोलगट करा आणि एक बाजू दुसरीवर दुमडा. हा आकार आणि वरची पांढरी साखर म्हणजे दुपट्यात गुंडाळलेला बाळ येशू, असं मानतात. आता बारकाईने बघा: वर डोकावणारा प्रत्येक बेदाणा काढून खालच्या बाजूला खोचा. उघडा राहिलेला बेदाणा भट्टीत फुगतो, काळा पडतो आणि कडू लागतो.

६. भाजणं: आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ अंशांवर ४०–४५ मिनिटं. वरून लवकर रंग आला तर फॉइल झाका. मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघायला हवी. नंतर दहा मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या, गरम श्टोलन उचललं तर मोडतं.

७. लोणी आणि साखर: श्टोलन गरम असतानाच वितळवलेलं लोणी ब्रशने सगळीकडून लावा, खालूनही. जिरलं की पुन्हा लावा, संपेपर्यंत. सॅक्सनीतले बेकर कढवलेलं लोणीही वापरतात, तेव्हा इथे घरचं तूप निःशंक वापरा. मग पिठीसाखरेचा थर द्या. पूर्ण गार झाल्यावर दुसरा, जाडसर. हाच लेप श्टोलनला कोरडं पडू देत नाही.

८. मुरवणं: बटरपेपर, त्यावर फॉइल, मग घट्ट डबा. निदान दोन आठवडे. ताजं कापलं तर पीठ वेगळं, मेवा वेगळा लागतो. ताज्या लोणच्यासारखीच गत. दिवसागणिक बेदाण्यांचा ओलावा पिठात उतरतो, मसाला पसरतो. जर्मनीत थंड कोठी असते. मुंबई-कोकणात डबा सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि खायच्या तासभर आधी बाहेर काढा. रसात भिजवलेलं असेल तर आठवडाभरच मुरवा आणि लगेच संपवा.

कापताना टोकापासून सुरुवात करू नका. मधोमध कापून दोन्हीकडून बोटभर जाडीचे काप काढा आणि उरलेले अर्धे भाग पुन्हा एकमेकांना चिकटवून गुंडाळा, म्हणजे कापलेली बाजू उघडी पडत नाही. वर काहीही लावायची गरज नाही. सोबत बिनसाखरेची कॉफी घ्या.