पाऊस असा का कोसळतो? पाच ते आठ वर्षांच्या मुलांना कसं समजावून सांगावं

हवामान बदलामुळे पाऊस जास्त वेळा का कोसळतो, हा विषय एका बैठकीत उरकू नका. रोज पंधरा-वीस मिनिटं, असे तीन दिवस पुरतात. वेळ दिवसाची निवडा. विजा कडाडत असताना किंवा झोपताना सांगितलं, तर कारण विसरलं जातं आणि भीती तेवढी उरते.

पहिला दिवस : पाहिलेल्यापासून सुरुवात. नाशिकमध्ये यासाठी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीसारखी दुसरी जागा नाही. पाऊस उघडलेला असताना, नदीला पाणी कमी असताना गोदाघाटावर जा. मूर्तीचे पाय, कंबर, खांदे दाखवा आणि सांगा, की पुराचं पाणी किती चढलं ते इथले लोक या मारुतीवरून ठरवतात. मग गोधडीचं उदाहरण द्या. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही, आपल्या अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड पृथ्वीभोवती तेच करतो. कारखानदारी वाढण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता, आता ४२० च्या वर आहे. हे आकडे तुमच्यासाठी. मुलाला ‘गोधडी जाड झाली’ एवढं पुरे. इथे मुलं हमखास म्हणतात, ‘म्हणजे सूर्य जास्त तापला.’ ते तिथल्या तिथे दुरुस्त करा : सूर्य तोच आहे, उष्णता बाहेर जाणं कमी झालं आहे.

दुसरा दिवस : दोन ताटल्या. सारख्याच आकाराच्या दोन स्टीलच्या ताटल्यांत दोन-दोन चमचे पाणी घाला. एक उन्हात, एक सावलीत. वारा दोन्हींना सारखाच लागायला हवा, नाहीतर सावलीतलीच आधी सुकते आणि सगळा प्रयोग उलटा पडतो. उन्हातलं पाणी आधी उडालं, की सांगा : गरम हवेत जास्त वाफ मावते. (एका अंशाला साधारण ७ टक्के जास्त.) ती वाफ पाऊस होऊन पडते, तेव्हा सरही मोठी येते. पण पावसाने ओढ दिली, की तीच उष्णता शेतातली ओल भराभर ओढून घेते. म्हणून अतिवृष्टीही आणि कोरडही. हे दोन्ही एकत्र सांगाच; अर्धंच ऐकलं तर मूल पुढच्या कोरड्या महिन्यात गोंधळतं.

तिसरा दिवस : ‘वारंवार’ म्हणजे काय. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. सारख्या आकाराचे दहा चिंचोके घ्या. एकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्या (कुंकू पुसलं जातं) आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर बोटांना कळतं. सगळे कापडी पिशवीत टाका. न बघता एक काढायचा, वहीत खूण करायची, परत टाकायचा, पिशवी हलवायची. असं वीस वेळा. मग आणखी दोन चिंचोके रंगवून तोच खेळ पुन्हा. दहाच वेळा काढलं तर नशिबाने उलटा निकाल येऊ शकतो, म्हणून वीस. लाल म्हणजे कोसळणारा पाऊस. तो आधीही यायचा, आता जास्त वेळा येतो. एकाचे तीन का? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासात, १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या भूभागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचं दिसलं. दहातला एक हे प्रमाण मात्र फक्त खेळापुरतं.

यामुळे एक चूक टळते : ‘हा पूर गोधडीमुळेच आला’ असं कुठल्याही एका पुराबद्दल म्हणायचं नाही. गोदाघाटावरच्या रामकुंडाला पाणी किती चढतं, हे नदीच्या वरच्या बाजूच्या गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला यावरही ठरतं. निफाड-दिंडोरीकडची मुलं द्राक्षबागेवरच्या गारपिटीबद्दल विचारतील. गारांचं गणित पावसाइतकं सरळ नाही, तेव्हा ‘शास्त्रज्ञ अजून ते शोधत आहेत’ हेच उत्तर द्या.

‘आपलं घर बुडेल का?’ हा प्रश्न येणारच. ‘काही होत नाही’ म्हणून उडवून लावू नका. घर पूररेषेपासून लांब असेल तर तसं सांगा. जवळ असेल, तर इशारा आल्यावर कुठे जायचं ती जागा मुलाला आधीच दाखवून ठेवा आणि टॉर्च कुठे ठेवायचा, ते त्यालाच ठरवू द्या.