मंडपात टेलनेट लावण्याआधी

गणपतीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळची आरती आटोपली की आमच्या गिरगावातल्या चाळीत मुलांचा कार्यक्रम असतो. गेली दोन वर्षं त्यातली वीस मिनिटं माझ्याकडे आहेत. चौकात पडदा लावायचा, लॅपटॉपवर कमांडची काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाइप करायची आणि नुसत्या अक्षरांनी काढलेला 'स्टार वॉर्स' हलताना दाखवायचा. व्हिडिओ नाही, ब्राउझर नाही. यंदा पाचव्या दिवशी मला ड्यूटी लागलीये, म्हणून जो कोणी हे चालवेल त्याच्यासाठी सगळं लिहून ठेवतेय. पहिल्यांदा बघताना मुलांचे जे डोळे होतात ते दुसऱ्यांदा होत नाहीत. तो क्षण केबल शोधण्यात जाऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

सगळ्यात आधी, निदान चार दिवस आधी, लॅपटॉपमध्ये टेलनेट, म्हणजे दूरच्या संगणकाशी नुसत्या अक्षरांतून बोलायचा जुना प्रोग्राम, आहे का ते बघायचं. विंडोजमध्ये व्हिस्टापासून ते असतं पण बंद असतं. कंट्रोल पॅनेल, मग प्रोग्राम्स, मग विंडोजची फीचर्स चालू-बंद करायची यादी उघडायची, 'टेलनेट क्लायंट'समोर टिचकी मारायची आणि मिनिटभर थांबायचं. मॅकवर २०१७च्या हाय सिएरापासून ॲपलने टेलनेट काढूनच टाकलं, तिथे होमब्रू या प्रोग्राम घालायच्या साधनाने घालावं लागतं. कोणी ना कोणी विचारतंच, की हे चालू केलं तर लॅपटॉप कोणालाही उघडा होणार नाही ना? नाही. क्लायंट म्हणजे आपण बाहेर फोन लावायची सोय, आपल्या घराचं दार नव्हे. मात्र टेलनेटवरून जाणारं प्रत्येक अक्षर वाटेत वाचता येतं, म्हणून त्यात पासवर्ड कधीच टाइप करायचा नाही. इथे कोणी पासवर्ड मागतही नाही.

मग विंडोजची कळ आणि आर दाबून सीएमडी लिहायचं. काळी खिडकी आली की टेलनेट, एक जागा सोडून टॉवेल डॉट ब्लिंकनलाइट्स डॉट एनएल, सगळं इंग्रजी छोट्या लिपीत, आणि एंटर. हा पत्ता नेदरलँड्समधला आहे, चित्रं मात्र न्यूझीलंडच्या सायमन जॅन्सनची. त्याने १९९७मध्ये ती हाताने रचायला घेतली, एकेक चित्र, एकेक अक्षर ठेवत. मुलांना हे सांगायलाच हवं. पूर्ण सिनेमा झालेला नाही, शेवटापर्यंत तो पोचला नाही, तेही आधीच सांगून टाकावं, नाहीतर शेवटी हिरमोड होतो.

आता नेटचं. इथे मी हात पोळून घेतलेत. पहिल्या वर्षी चाळीतल्या एका घरचं वायफाय घेतलं होतं, घरी बसून तासभर छान चाललं होतं, आणि मंडपात ऐन वेळी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेले तर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. टेलनेट २३ नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवरच्या एका ठरावीक वाटेने जातं, आणि तो बऱ्याच ठिकाणी बंद केलेला असतो. २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने नेमक्या याच वाटेने कॅमेरे आणि राउटर पकडले होते, तेव्हा तो बंद ठेवणाऱ्यांना दोष देता येत नाही. म्हणून ज्या नेटवर दाखवायचं त्याच नेटवर, त्याच चौकात उभं राहून आदल्या संध्याकाळी चालवून बघायचं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं जवळ ठेवायची. वेगाची काळजी मुळीच नको. एक चित्र ६७ अक्षरं रुंद आणि १३ ओळी उंच, म्हणजे ८७१ अक्षरं. सेकंदाला १५ चित्रं धरली तरी तेरा हजारांच्या आसपास अक्षरं होतात. व्हॉट्सॲपवर येणारा एखादा फोटोसुद्धा याहून कितीतरी जड असतो. नेट संथ चालेल, पण अडखळणारं चालत नाही, कारण अक्षरं थांबली की रॉकेट मध्येच गोठतं.

चित्रं पाठवणारा तो नेदरलँड्समधला संगणक, म्हणजे सर्व्हर, बंदही असू शकतो. तेव्हा टेलिहॅक ही दुसरी जागा लक्षात ठेवायची. तिथे स्टारवॉर्स असं जोडून लिहिलं की हीच चित्रं चालू होतात, आणि ती ब्राउझरमधूनही उघडते, म्हणजे २३ नंबर बंद असला तरी अडत नाही. याउपर मॅक किंवा लिनक्स असेल तर आस्किनेमा नावाच्या प्रोग्रामने आधीच एकदा नोंदवून ठेवावं. ते स्क्रीनचा व्हिडिओ घेत नाही, कुठलं अक्षर कधी आलं ते लिहून घेतं, त्यामुळे नेटशिवाय लावलं तरी पडद्यावर अक्षरंच येतात. व्हिडिओ मला नको वाटतो. मोठा केला की अक्षरांच्या कडा फुटतात आणि सगळी गंमत त्या कडांतच आहे.

खिडकी ऐंशी अक्षरं रुंद, चोवीस ओळी उंच ठेवायची. फार अरुंद झाली की ओळ मोडते आणि चित्राचा चुरा होतो. फॉन्ट कन्सोलाससारखा, ज्यात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते. कंट्रोल धरून माउसचं चाक फिरवलं की अक्षरं वाढतात. प्रोजेक्टर १२८० ठिपके रुंद असेल तर एकेका अक्षराला १६ ठिपके येतात, शेवटच्या रांगेतल्या आजींनाही दिसतं. व्हॉट्सॲप बंद, नोटिफिकेशन बंद, स्क्रीन झोपी जाणं बंद. अडॅप्टर, एक्स्टेन्शन बोर्ड, लांब केबल एकाच पिशवीत. पाऊस असणारच, तेव्हा प्रोजेक्टर ताडपत्रीच्या शिवणीखाली ठेवायचा नाही, पाणी तिथूनच गळतं. पडद्याकडच्या माळा विझवायला डेकोरेशनवाल्याला आधी सांगून ठेवावं, आणि गणपतीसमोरचा दिवा मात्र तसाच राहू द्यावा. याला आवाज नाही, स्पीकरची खटपट नको.

सुरुवातीची अक्षरं सरकत वर जातात ती एखाद्या मोठ्या मुलीकडून मराठीत सांगवून घ्यावीत. मग सोनेरी रोबो आला की मुलांना पडद्याच्या अगदी जवळ जाऊ द्यायचं. त्याचं डोकं म्हणजे दोन तिरप्या रेघा आणि मध्ये लाटेसारखं एक चिन्ह. डोळे म्हणजे शेजारी शेजारी दोन ओ. हनुवटीवर गणितातलं बरोबरचं चिन्ह. दहा फुटांवरून चेहरा दिसतो आणि हात लावायला गेलं की उरतात फक्त चिन्हं. मागच्या वर्षी दुसरीतली एक मुलगी पुढे मागे, पुढे मागे करत राहिली. कुणी तिला बसवलं नाही, यंदाही बसवू नका.

हलतं कसं, हा प्रश्न येणारच. उत्तर सोपं द्यायचं: प्रत्येक चित्रानंतर सर्व्हर एक खूण पाठवतो, कर्सर वर डाव्या कोपऱ्यात ने. मग पुढचं चित्र त्याच जागी उमटतं. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फर्रकन सोडतात, तसंच हे. थांबवायचं असेल तर कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस एकदम दाबायचे, मग क्विट लिहून एंटर.

शेवटी चौकटीची वही, गणिताची. दोन मुलांत एक पुरते. आडव्या ६७ चौकटी एका पानावर मावत नाहीत, म्हणून मी ३० बाय १३चं घर आधीच पेन्सिलीने आखून ठेवते. त्यात एका चौकटीत एकच चिन्ह, आणि काढायचा बाप्पा. सोंडेला कंस, कानांना तिरप्या रेघा, डोळ्यांना ओ, हे मुलं आपणच शोधतात. आपली अक्षरं का चालत नाहीत, असं कोणी विचारलं तर एका चौकटीत 'क' आणि दुसरीत 'क्षी' लिहायला सांगावं. मूळ आस्की, म्हणजे संगणकाची अक्षरांची जुनी यादी, ही सात बिटांची, १२८ खुणांची, तिच्यात देवनागरी नाहीच. देवनागरी युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या यादीत १९९१ला आली, पण जोडाक्षरं आणि वेलांट्या एकसारख्या घरात बसत नाहीत. तरी एका मुलाने मागच्या वर्षी नुसत्या 'ठ' आणि दंडांतून उंदीर काढला होता, आणि तो ओळखू येत होता. पेन्सिलींना टोकं करून ठेवा, खोडरबर मात्र जरा जास्तच आणा.