५५६ आयसीचं पहिलं वाद्य: अटारी पंक कन्सोल जोडणं आणि बिघाड शोधणं

पहिलंच वाद्य जोडायचं असेल तर मोठा सिंथ घेऊ नका. अटारी पंक कन्सोल घ्या. एक आयसी (चिप), दोन पॉट (फिरवून बदलायचे रेझिस्टर), एक स्पीकर, एवढ्यात काम होतं. अमेरिकेतल्या फॉरेस्ट मिम्स यांनी १९८०च्या सुमारास छापलेलं हे सर्किट. जुन्या व्हिडिओ गेमसारख्या आवाजामुळे त्याला हे नाव पुढे पडलं. किट न मिळाल्यास सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात.

यादी अशी: एनई५५६ आयसी (एकातच दोन टायमर) आणि १४ पिनचा बेस, ५०० के (किलोओहम) चे दोन पॉट, १ के चे दोन रेझिस्टर, ४.७ के आणि १०० ओहमचा प्रत्येकी एक, १०३ (०.०१ मायक्रोफॅरड) चे तीन आणि १०४ (०.१ मायक्रोफॅरड) चे दोन सिरॅमिक कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचे दोन (त्यातला एक चाचणीपुरता), १०० मायक्रोफॅरडचा एक, ८ ओहमचा अर्ध्या वॉटचा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप. आयसी घेताना सीमॉस जातीचा टीएलसी५५६ हातात पडत नाही ना, हे वाचून घ्या. त्याच्या आउटपुटमधून इतका कमी करंट मिळतो की स्पीकर कुजबुजतो.

आधी ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायची पाटी) आवाज काढा, मगच झिरो पीसीबीला (सोल्डर करायची भोकांची पाटी) हात लावा. आयसीची खाच डावीकडे ठेवली की खालच्या ओळीत डावीकडून १ ते ७ आणि वरच्या ओळीत उजवीकडून ८ ते १४ पिन येतात. १४ ला प्लस, ७ ला मायनस. ४ आणि १० हे रीसेट, दोन्ही प्लसला. हे मोकळे सोडले तर आवाज येतो-जातो, आणि बोट जवळ नेलं की बदलतो.

पहिला अर्धा भाग सतत ठोके देतो. प्लसपासून ४.७ के, मग पहिला पॉट, मग पिन १. पिन १ आणि २ च्या मध्ये १ के. पिन २ आणि ६ एकमेकांना जोडा, तिथून मायनसला १०३. बऱ्याच जुन्या नकाशांत हा ४.७ के नसतो. मग पॉट टोकाला गेला की पिन १ थेट प्लसला चिकटते, आतला डिस्चार्ज ट्रान्झिस्टर तापतो आणि आयसी मरतो. रुपयाभराचा रेझिस्टर आहे, गाळू नका.

दुसरा भाग प्रत्येक ठोक्याला एक पल्स देतो. पिन ५ वरून ८ ला तार. प्लसपासून १ के, मग दुसरा पॉट, मग पिन १३. पिन १२ आणि १३ जोडा, तिथून मायनसला १०४. पिन ३ आणि ११ वरून मायनसला एकेक १०३. आउटपुट पिन ९ वर: तिथे १० मायक्रोफॅरडची प्लस बाजू, दुसऱ्या बाजूला १०० ओहम, मग स्पीकर, मग मायनस. उरलेला १०४ अगदी १४ आणि ७ ला चिकटवून लावा, १०० मायक्रोफॅरड बॅटरीच्या तारांवर. ५५६ स्विच होताना सप्लायला झटका देतो, तो हे दोघं झेलतात.

पॉटचा मधला पाय आणि कडेचा एक, असे दोनच पाय वापरायचे. दोन्ही कडेचे जोडले तर कितीही फिरवा, ढिम्म. पॉट बी५००के (रेझिस्टन्स समान चालीने बदलणारा) असेल तर पहिला भाग पूर्ण रेझिस्टन्सला साधारण २८५ हर्ट्झ देतो, अर्ध्यावर सुमारे ५६०, आणि शेवटच्या दहाव्या भागात अडीच हजारांवरून थेट कानाबाहेर जातो. म्हणजे सगळी गंमत चिमूटभर जागेत कोंबलेली. ए५००के (एका टोकाला हळू, दुसऱ्या टोकाला भराभर बदलणारा) घेऊन मधला पाय आणि ज्या कडेपासून रेझिस्टन्स हळूहळू वाढतो ती कड वापरली, तर हात जास्त बारीक चालतो. मात्र मग सूर उलट्या दिशेने चढतो.

दुसरा पॉट फिरवताना सूर पायऱ्यांनी उतरतो. पल्स दोन ठोक्यांमधल्या अंतरापेक्षा लांब झाली की मधले ठोके गिळले जातात, आणि मूळ कंपनसंख्येचा निम्मा, तिसरा, चौथा हिस्सा ऐकू येतो. मूळ सूर तार सा धरला तर पुढे मध्य सा, मंद्र म, मंद्र सा, अतिमंद्र कोमल ध असा क्रम लागतो. त्यामुळे यावर भूप वाजवायचा हट्ट धरू नका.

आवाजच नाही? बहुतेक वेळा तार एक भोक सरकलेली असते, म्हणून आधी मल्टिमिटर लावा. १४, ४ आणि १० वर मायनसच्या तुलनेत ९ व्होल्टच्या आसपास हवेत. पिन ५ वर साडेसात-आठ व्होल्ट दिसले म्हणून 'अडकलाय' असा निष्कर्ष काढू नका. ही पिन प्रत्येक ठोक्याला जेमतेम ७ मायक्रोसेकंद खाली येते, मिटरला ते दिसत नाही.

खरी चाचणी अशी. पिन २ वरच्या १०३ ला समांतर १० मायक्रोफॅरड लावा, मायनस पाय मायनसला, दोन्ही पॉट पूर्ण रेझिस्टन्सवर. आता पिन २ वर मिटर ३ वरून ६ व्होल्टपर्यंत चढतो आणि साधारण साडेतीन सेकंदांनी झपकन खाली येतो. प्रत्येक वेळी स्पीकरमध्ये 'टक' आलं तर दोन्ही भाग शाबूत आहेत. मिटर हलतो पण टक नाही, तर ५ ते ८ ची तार, १२-१३ ची जोडणी आणि आउटपुट तपासा. मिटरच हलत नाही, तर दोष पहिल्या भागात. स्पीकरवर शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा, खरखर यायला हवी.

आवाज आहे पण नुसती टरटर, पायऱ्या जवळपास नाहीतच? १०३ आणि १०४ ची अदलाबदल झाली आहे. दुसरा पॉट बऱ्याच पट्ट्यात निकामी वाटतो? पिन १ आणि २ मधला रेझिस्टर बघा: तपकिरी-काळा-लाल हा १ के, तपकिरी-काळा-पिवळा हा १०० के. १०० के लागला तर दुसऱ्या भागाचा ट्रिगर (पिन ८) इतका वेळ खाली राहतो की छोटी पल्स संपतच नाही.

ब्रेडबोर्डवर चाललं आणि सोल्डर केल्यावर बंद पडलं, तर ड्राय सोल्डर (नीट न चिकटलेला जोड) शोधा. २५ वॉटचं आयर्न, ६०/४० वायर; आधी पाय आणि तांबं दोन्ही दोन सेकंद तापवा, मग वायर त्या जोडाला लावा, आयर्नच्या टोकाला नाही. जोड चकचकीत आणि उतरता हवा. राखाडी गोळी दिसली की पुन्हा तापवा. आयसी बेसमध्ये शेवटी बसवा, आणि बसवताना एखादी पिन आत दुमडली नाही ना हे बाजूने डोकावून पाहा. वरून ती व्यवस्थित बसल्यासारखीच दिसते.