टॉर्च विझवा, मग बेडूक मोजा

आंबोलीत बेडूक मोजायला पहिल्यांदा आलेली मुलं आधी हेडटॉर्च पेटवतात. मी आधी तो विझवायला लावते. घड्याळ लावून पाच मिनिटं जागेवर उभं राहायचं आणि ओळखता येईल तो प्रत्येक आवाज लिहायचा. जो ओळखता येत नाही तो मोबाइलवर टिपायचा, घरी जाऊन ताडायचा. मग शंभर मीटर चालायचं, पाऊण तासात. त्याआधी संपलं तर तुम्ही नुसते फिरून आलात.

लिहायला पेन्सिलच. पहिल्या वर्षी माझी जुलैची अख्खी वही निळं पाणी होऊन गेली. वनखात्याची परवानगी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. हाताला डासांचं मलम नको. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. खरं तर हात लावूच नका, शेजारी पट्टी धरून फोटो काढा.

आता सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. इथे पावलापावलावर जपायचं. आंबोली टोड ही जात 2009 मध्ये नव्याने नोंदली गेली, आज ती अतिसंकटग्रस्त आहे. ती अंडी घालते जांभ्याच्या कातळावरच्या डबक्यात, आणि डबकं म्हणजे बशीत ओतलेल्या चहाएवढं पाणी. एकदा अशाच पाण्यात गमबूट रोवून मी छत्री सावरत होते. सोबतचा गावातला पोरगा ओरडला, "बाई, पाय काढा आधी!" बुटाच्या कडेलाच अंडी होती. तेव्हापासून सड्यावर काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकत नाही. डबक्याची खोली काडीने मोजून लिहा. पावसाने दोन दिवस दडी मारली की ते आटतं.

झाडीत मात्र मान वर ठेवा. पाण्यावर झुकलेल्या पानावर फेसाचा गोळा दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. पिल्लं तिथून खाली पाण्यात टपकतात. आंबोलीच्या झुडूपबेडकाला मात्र पाणी लागतच नाही, अंड्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर येतो. म्हणून अंडी कुठे सापडली ते जातीच्या नावाआधी लिहा.

दुसऱ्या ओढ्यावर जायच्या आधी बूट ब्लीचच्या पाण्यात घासून वाळवा. बेडकांना रोग लावणारी कायट्रिड बुरशी चिखल-पाण्यातून पसरते. जळवांचं विचारू नका, लागतातच.

काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, तरी तारीख, वेळ, तापमान, पाऊस लिहून पुढे 0 टाका. मुलं नेमकी हीच ओळ गाळतात, आणि मी त्यांना पानासकट परत पाठवते.