टँकमध्ये दादागिरी सुरू झाली तर

माझ्या चार फुटी रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ असलेल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत, सिक्स-लाइन रॅस नावाचा मासा वर्षभर राहत होता. लाइव्ह रॉकची, म्हणजे जिवाणू वसलेल्या सच्छिद्र दगडांची, एकूण एक फट त्याच्या ओळखीची. मग मी फायरफिश हा दुसरा मासा आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) मागे, अगदी पाण्याच्या वरच्या कडेला खिळून होता. शेपूट फाटलेली. रॅस दगडाआडून यायचा, टोचायचा, परत आत जायचा. जमेल हळूहळू, असं म्हणून मी वाट पाहिली. चौथ्या दिवशी फायरफिश झाकणाच्या फटीतून उडून जमिनीवर पडलेला सापडला. तेव्हापासून टँकवर बारीक जाळी आहे, आणि वाट पाहणं मी बंद केलं आहे.

नवीन मासा आला की जुने त्याच्यावर धावतात. कल्ले फुगवले, पंख ताणले, दोन-तीनदा हुसकावलं आणि आपापल्या जागी परतले, तर काळजी नको. छोट्या क्लाउनफिशने मोठ्यासमोर आडवं होऊन थरथरणं हेही भांडण नव्हे, ती शरणागती असते. अशा जोडीला वेगळं करू नका. पण मार खाणारा खायलाच बाहेर येत नसेल, वरच्या कोपऱ्यात अडकला असेल, कल्ले भराभर हलत असतील, पंख फाटले असतील, तर त्याच दिवशी हात घाला. ताणाखाली असलेल्या माशाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर गाठतो.

बाहेर काढायचा तो मारणारा. मार खाणाऱ्याला काढलं तर दादाची हद्द तशीच राहते आणि पुढचा मासा आला की पुन्हा तेच. जाळं घेऊन रॅसच्या मागे लागू नका, तो दगडात शिरतो आणि बाकीचे सगळे घाबरतात. पारदर्शक सापळा लावा, दोन दिवस दार उघडं ठेवून त्याला आतच खायला द्या, मग बंद करा. त्याची रवानगी दुसऱ्या टँकमध्ये किंवा संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) करा. संपमध्ये पंपाच्या तोंडाला जाळी हवीच. टँकमध्येच डब्यात लटकवून उपयोग नाही, कारण हद्द त्याच्या नजरेसमोरच राहते.

मी रॅसला दोन आठवडे बाहेर ठेवलं. त्या काळात दगडांची मांडणी बदलली: गुहा उजवीकडून डावीकडे नेली, मधे मोकळी वाळू ठेवली. खोल वाळू मात्र उकरू नका, खालची घाण पाण्यात मिसळते. मग दुसरा फायरफिश आणला, त्याला आठवडाभर स्थिरावू दिलं आणि दिवे बंद करून रॅसला परत सोडलं. आता नवखा तो होता. दोन दिवस त्याने नुसत्या फटी धुंडाळल्या.

नवीन मासा आणताना हा सगळा खटाटोप टाळता येतो. भोकं पाडलेला पारदर्शक डबा टँकमध्ये लटकवून त्याला चार-पाच दिवस त्यातच ठेवा. जुना मासा डब्यावर धडका मारत असेल तोवर सोडू नका. दुर्लक्ष करू लागला की सगळ्यांना पोटभर खायला घालून, दिवे मालवून सोडा. पुढचे काही दिवस टँकच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी खाणं टाका.

टँग जातीच्या माशांसाठी आरसा वापरून पाहा. यलो टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, तो आडवा फिरवून समोरच्याला चिरतो. काचेवर बाहेरून आरसा लावला की बऱ्याचदा तो प्रतिबिंबाशीच झुंजत राहतो आणि नवख्याला उसंत मिळते. आरसा दिवसातून काही तासच ठेवा, काही दिवसांनी काढून टाका.

सारख्या अंगाचे, सारख्या रंगाचे मासे एकमेकांना सहसा सोडत नाहीत. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा रॉयल ग्रामा आणि तशाच रंगाचा डॉटीबॅक एका छोट्या टँकमध्ये ठेवू नका. मोठा झालेला डॉमिनो डॅमसेल, वयात आलेली मरून क्लाउनची मादी, बहुतेक ट्रिगरफिश यांना दगड हलवून किंवा आरसा लावून फारसा फरक पडत नाही. मारका मासा सगळ्यात शेवटी सोडायचा हा नियम पाळूनही तो बाकीच्यांना जगू देत नसेल, तर मोठा टँक असलेल्याला देऊन टाका, आणि जायच्या दिवसापर्यंत सापळ्याशेजारीच खायला घालत राहा, म्हणजे पकडताना कुणाला इजा होणार नाही.